वही तपासणार कोण?

दहावीच्या इंग्रजीच्या परीक्षेत विद्यार्थ्याला पत्र लिहावे लागते, संवाद रचावा लागतो, दिलेल्या तक्त्यावरून परिच्छेद तयार करावा लागतो, एखाद्या विषयाच्या बाजूने वा विरुद्ध मत मांडावे लागते. करमाळा तालुक्यातील एखादी विद्यार्थिनी ही परीक्षा उत्तीर्ण होते तेव्हा पुष्कळदा त्या पत्रातील एकही वाक्य तिचे स्वतःचे नसते. ते गाइडातून पाठ केलेले असते. नाव आणि पत्ता तेवढा बदललेला असतो. महाराष्ट्र शासनाने २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. म्हणजे दहा वर्षे ही भाषा शिकूनही आपल्या गावाविषयी, आपल्या आईच्या कामाविषयी चार ओळी मनाने लिहिता येऊ नयेत, अशी ही अवस्था आहे. आणि याच चार ओळींवर पुढे नोकरीचा अर्ज, स्पर्धा परीक्षा, बँकेशी पत्रव्यवहार, न्यायालयाचा कागद हे सारे अडून राहते. कंदरच्या केळीचे खोके परदेशी जातात. त्यांच्यासोबत जाणारे कागद मात्र दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेले असतात, आणि त्या लिहिण्याचा मोबदलाही त्या दुसऱ्यालाच मिळतो.

या दुखण्यावर आता मिश्र शिक्षणपद्धतीचा उपाय सांगितला जात आहे. अभ्यासाचा काही भाग वर्गात समोरासमोर आणि काही भाग मोबाइलवर किंवा संगणकावर, असा तिचा साधा अर्थ. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिचा पुरस्कार केला. मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रसृत केलेल्या टिपणात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकविण्याची कल्पना मांडण्यात आली. शाळांसाठी २०१७ पासून ‘दीक्षा’ आहे, महाविद्यालयांसाठी ‘स्वयम्’ आहे. यंत्र म्हटले की कपाळाला आठ्या घालावयाच्या, अथवा यंत्र म्हटले की टाळ्या वाजवावयाच्या, अशा दोन सवयी पुरोगामी वर्तुळातही मुरलेल्या आहेत. दोन्ही विचाराचे कष्ट वाचविणाऱ्या आहेत. यंत्र चांगले की वाईट, हा येथे प्रश्नच नव्हे. लिहिणे शिकण्यासाठी जे लागते त्यातले यंत्राने काय देता येते, काय देता येत नाही, आणि जे देता येत नाही ते द्यायला शासन तयार आहे काय, हा प्रश्न आहे.

ऐकणे आणि वाचणे यांत विद्यार्थी घेणारा असतो. लिहिताना तो देणारा होतो. आणि देणाऱ्याला घेणारा कोणीतरी लागतो. जे लिहिलेले कोणी वाचणारच नाही ते सुधारण्याची गरज कोणत्याही मुलाला वाटत नाही. मराठी मुलाच्या बाबतीत तर अडचण दुहेरी आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याला लागून येते. मराठीतले प्रत्यय नामाच्या मागे जोडले जातात, इंग्रजीतले तसले शब्द नामाच्या पुढे उभे राहतात. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांना मराठीत जोडच नाही. ‘मुलीने पत्र लिहिले’ या वाक्यात क्रियापद पत्राप्रमाणे चालते, मुलीप्रमाणे नव्हे; ती सवय घेऊन इंग्रजीत गेलेले मूल अडखळते, आणि त्याचा हा अडखळण्याचा क्रम बुद्धिमांद्याचा नसून मातृभाषेच्या व्याकरणाचा असतो. जो शिक्षक हे जाणतो तो एका वाक्यात ही गाठ सोडवू शकतो. जो जाणत नाही, किंवा ज्याला वही पाहण्यास वेळच नाही, तो लाल शाईची एक फुली मारून पुढे जातो.

आणखी एक उदाहरण घ्यावे. आष्टी, पाटोदा, जामखेड या भागांतून तोडणीसाठी येणाऱ्या कुटुंबांत ‘वडील कारखान्याला गेले’ असे म्हणतात. याचा अर्थ ते कारखान्यात कामाला लागले असा नाही. सहा महिन्यांसाठी बिऱ्हाड पाठीवर घेऊन उसाच्या फडात गेले, असा आहे. अशा घरातील मुलाने इंग्रजीत ‘माय फादर इज गोइंग फॅक्टरी’ असे लिहिले, तर मोबाइलमधील यंत्र त्यातील सुटलेले दोन छोटे शब्द भरून देईल आणि वाक्य शुद्ध करील. शुद्ध झालेले ते वाक्य खोटे असेल. वडील गिरणीत नोकरी करतात असा अर्थ त्यातून निघेल. मुलाला जे सांगावयाचे होते ते शिक्षकाने विचारल्याशिवाय कागदावर येणार नाही. व्याकरणाची चूक यंत्राला दिसते. अर्थाची चूक, ज्याला फड ठाऊक आहे त्यालाच दिसते.

आता थोडा हिशेब. समजा, एका शिक्षकाकडे इंग्रजीच्या तीन तुकड्या आहेत आणि प्रत्येकीत साठ विद्यार्थी आहेत. आठवड्यातून एकदा प्रत्येकाने एक परिच्छेद लिहिला आणि शिक्षकाने त्यावर केवळ पाच मिनिटे घालविली, तर एकशेऐंशी वह्यांना नऊशे मिनिटे, म्हणजे पंधरा तास लागतात. तोच परिच्छेद दुरुस्त करून पुन्हा लिहिलेला पाहावयाचा, आणि खरे शिक्षण त्या दुसऱ्या खर्ड्यातच होते, तर आणखी पंधरा. वर्गातील तास, मतदारयाद्या, सर्वेक्षणे, पोषण आहाराच्या नोंदी आणि रोज कुठल्यातरी पोर्टलवर भरावयाची माहिती सांभाळून हे तीस तास कोणी आणावयाचे? शिक्षक कामचुकार आहेत, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. काही तसे असतीलही. पण प्रामाणिकातील प्रामाणिक शिक्षकालाही हे गणित सुटणारे नाही, हे तक्रार करणाऱ्यांनी एकदा कागदावर मांडून पाहावे. वही तपासली जात नाही म्हणून लेखन येत नाही, लेखन येत नाही म्हणून गाइड पाठ होते, आणि गाइडातील उत्तराला गुण मिळतात म्हणून वही तपासण्याची निकडही कोणाला भासत नाही.

मिश्र पद्धतीचे खरे मोल येथे आहे. उच्चार ऐकविणे, नमुन्याचा उतारा वाचून दाखविणे, शब्दांचा अर्थ सांगणे, स्पेलिंग घटवून घेणे ही कामे ध्वनिफीत आणि चित्रफीत चांगली करतात. न थकता, न रागावता, हव्या तितक्या वेळा. ती घरी झाली तर वर्गातील तास प्रत्यक्ष लिहिण्यासाठी मोकळा होतो. मुले समोर बसून लिहितात, एकमेकांचे वाचतात, शिक्षक बाकांमधून फिरतो. उरलेल्या वह्यांची छायाचित्रे त्याच्याकडे जातात आणि तो मराठीतून दोन वाक्यांचा आवाजी निरोप पाठवितो: येथे तुला काय म्हणायचे होते? अशा रीतीने यंत्र शिक्षकाचा वेळ वाचविते आणि तो वेळ वहीकडे वळतो. वेळ वाचला आणि तो वहीकडे वळला नाही, तर मिश्रण झाले असे म्हणता येणार नाही. पाण्यात दूध घातले एवढेच झाले.

करमाळ्याला लागून असलेल्या माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेने याचा एक प्रत्यय आणून दिला. तेथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड आणले. पालकांचा मोबाइल पुस्तकावर धरला की धड्याची ध्वनिफीत वा चित्रफीत सुरू होई. पुढे ही कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली, आणि ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, ही गोष्ट आजच्या काळात विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. परंतु त्या कौतुकातून शासनाने कोणता धडा घेतला? कोड छापणे स्वस्त होते. तो राज्यातील सगळ्या पुस्तकांवर छापला गेला. कोणत्या घरात फोन आहे, तो रात्री किती वाजता मोकळा होतो, कोणती मुलगी शाळेत येईनाशी झाली, याचा घरोघरी माग ठेवणारा शिक्षक छापता येत नाही. पुस्तकावरील ती काळी चौकट प्रत्येक मुलाच्या हाती पोहोचली. तिच्यामागचा माणूस मात्र पोहोचविण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही.

समाजवादी चळवळीला या बाबतीत पूर्वसुरी नाहीत असे नव्हे. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाच्या सरकारने १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन केले. पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांची ती कल्पना होती, आणि ती तडीस नेली खाणकामगाराची मुलगी असलेल्या मंत्री जेनी ली यांनी. जानेवारी १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी शिकू लागले. प्रवेशासाठी पूर्वीच्या पदवीची वा प्रमाणपत्राची अट नव्हती. जगाला दिसले ते बीबीसीवरून प्रक्षेपित होणारे पाठ. त्या विद्यापीठाचा कणा मात्र दूरचित्रवाणी हा नव्हता. विद्यार्थी स्वाध्याय लिहून टपालाने पाठवीत, नेमून दिलेला शिक्षक तो वाचून, सविस्तर अभिप्राय लिहून परत करी. गावोगावी अभ्यासकेंद्रे होती, उन्हाळ्यात निवासी वर्ग होते. दिवसभर कारखान्यात वा स्वयंपाकघरात राबणाऱ्या माणसांना त्या परत आलेल्या कागदांनी पदवीपर्यंत नेले. १९८९ साली नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ त्याच कुळातले. दूरशिक्षण स्वस्तात उरकण्याची युक्ती नसून वंचितांकडे शिक्षक पोहोचविण्याचा मार्ग आहे, ही दृष्टी मूळ कल्पनेत होती. तीच आज विसरली जात आहे.

संशोधनाचा दाखलाही याहून वेगळे सांगत नाही. मिश्र पद्धतीचे पुरस्कर्ते अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या २०१० च्या अहवालाचा हवाला नेहमी देतात. अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र पाहता, केवळ वर्गात शिकणाऱ्यांपेक्षा मिश्र पद्धतीने शिकणारे काहीसे पुढे होते, हे त्यात नमूद आहे आणि ते खरे आहे. मात्र त्याच अहवालात एक इशारा आहे. मिश्र वर्गांना बहुधा अधिक वेळ आणि अधिक साहित्य मिळाले होते, त्यामुळे लाभाचे श्रेय माध्यमाला देता येत नाही, असा. शिवाय त्यातील बहुतेक अभ्यास महाविद्यालयीन वा प्रौढ विद्यार्थ्यांविषयीचे होते, शाळकरी मुलांविषयीचे नव्हते. अधिक वेळ दिला तर अधिक शिकता येते, हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. प्रस्ताव कमी माणसांत जास्त मुले शिकविण्याचा असेल, तर त्या अहवालाचा आधार घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मार्च २०२० पासून शाळा बंद झाल्या आणि या राज्याने ऑनलाइन शिक्षणाचा सक्तीचा प्रयोग पाहिला. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. ‘असर’च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन होता त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेले. हा आकडा अभिमानाने सांगितला जातो. त्याच पाहणीत हेही आहे की घरी फोन असलेल्या मुलांपैकी २६.१ टक्के मुलांना तो वापरायला मिळतच नव्हता. घरात एकच फोन, तो बापाबरोबर शेतावर किंवा फडावर. संध्याकाळी आला तर आधी भावाकडे, मग बहिणीकडे. इंग्रजीचे म्हणाल तर २०२२ च्या पाहणीत पाचवीतील २४.५ टक्के मुलांना साधी इंग्रजी वाक्ये वाचता आली. २०१६ साली हेच प्रमाण २४.७ टक्के होते. सहा वर्षे, एवढे फोन, एवढी ॲपे, आणि काटा जागच्या जागी. ही पाहणी वाचनाची आहे. मुलाला स्वतःचे चार शब्द इंग्रजीत लिहिता येतात की नाही, याची मोजणीही ती करीत नाही.

म्हणूनच मिश्र पद्धतीच्या घोषणेकडे अर्थसंकल्पाच्या बाजूने पाहणे आवश्यक ठरते. एकीकडे ४० टक्के ऑनलाइनची भाषा चालू आहे. दुसरीकडे महाविद्यालयांतील प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावरील तरुण अध्यापक तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षे राबत आहेत. ज्याचे वेतन तासाच्या हिशेबाने मोजले जाते, त्याच्या वही तपासण्याच्या तासाला मोल नाही. प्राथमिक शाळांची कथा निराळी नाही. २०२३ मध्ये शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागविले. राज्यात अशा शाळा १४ हजारांहून अधिक आहेत. सुमारे अडीच लाख लोकसंख्येच्या, वाड्यावस्त्यांत विखुरलेल्या करमाळ्यासारख्या तालुक्यात वस्तीवरची शाळा उचलून दूर नेली तर पहिल्यांदा कोणाचे शिक्षण थांबते, हे कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही. शिक्षक दोन कोस दूर आणि त्याच्याऐवजी हातात फोन, असे हे मिश्रण होऊ घातले आहे.

आणि जेथे शासन मागे सरते तेथे बाजार पुढे येतो. ‘बायजूज’ या कंपनीचे मूल्य २०२२ साली २२ अब्ज डॉलर धरले जात होते. जुलै २०२४ मध्ये तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. अशा कंपन्यांच्या पाठांसाठी मध्यमवर्गीय पालकांनी कर्जे काढली होती. गुंतवणूकदारांनी त्या पैशातून जाहिराती केल्या. वही तपासणारा माणूस हा त्या धंद्यात खर्चाचा रकाना होता. नोव्हेंबर २०२२ नंतर तर सांगाल त्या विषयावर निर्दोष इंग्रजी लिहून देणारी यंत्रे फुकटात उपलब्ध झाली. गाइडाला तेवढ्यापुरता पर्याय मिळाला, आणि तो गाइडापेक्षा घातक आहे, कारण पाठ करण्याचे कष्टही त्याने वाचविले. यावर बंदी घालून काही साधणार नाही. ज्या शिक्षकाने मुलाचे चार कच्चे खर्डे पाहिले आहेत, त्याला पाचवा कोणी लिहिला हे विचारावे लागत नाही. ज्याने एकही पाहिला नाही त्याला कोणतेही तपासणी-यंत्र वाचवू शकत नाही.

इंग्रजीसाठी एवढा खटाटोप समाजवाद्यांनी का करावा, असा आक्षेप घेतला जाईल. डॉ. राममनोहर लोहियांनी ‘अंग्रेजी हटाओ’ची हाक दिली, तिचे काय? लोहियांचा रोख इंग्रजी शिकण्यावर नव्हता. मूठभरांनी इंग्रजीच्या आडून राज्य, न्याय आणि ज्ञान यांवर जी मक्तेदारी बसविली होती, तिच्यावर होता. ती मक्तेदारी मोडण्याची लढाई मराठीतून कारभार, मराठीतून उच्च शिक्षण, मराठीतून न्याय या मागण्यांनी चालूच राहिली पाहिजे. पण ती जिंकली जाईपर्यंत गरिबाच्या मुलाने कुलपाबाहेर उभे राहावे आणि किल्ली श्रीमंताच्या मुलाच्या खिशात असावी, हे कोणत्या समाजवादात बसते? तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या बसगाड्या फिरतात, आणि ज्यांना परवडत नाही तेही पोटाला चिमटा घेऊन मुले त्यांत बसवितात. हा मोह नाही, ही धास्ती आहे. सरकारी मराठी शाळेत इंग्रजी लेखन नीट येऊ लागले तर ती धास्ती ओसरेल, आणि त्याबरोबर मराठी शाळाही टिकेल. जे मूल मराठीत आपला अनुभव धडपणे लिहू शकते तेच पुढे तो इंग्रजीत नेऊ शकते. मराठीची वही तपासली जात नसेल तर इंग्रजीची तपासून उपयोग मर्यादितच राहील, ही गोष्ट मिश्र पद्धतीचे नियोजन करणाऱ्यांच्या ध्यानी क्वचितच येते.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले तेव्हा शेतकऱ्यांच्या करातून वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण चालते, हे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि प्राथमिक शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, ते प्रशिक्षित असावेत, त्यांना पुरेसे वेतन मिळावे, अशी मागणी केली. त्या काळी त्यांच्यापुढे कोणतेही यंत्र नव्हते. यंत्रे आल्यानंतरही मागणी जुनी झालेली नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च करण्याची शिफारस केली. २०२० च्या धोरणाने तोच सहाचा आकडा पुन्हा लिहिला. मधल्या अर्धशतकात तो गाठला गेला नाही.

शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात पालकांचे बहुमत असते. तिच्या बैठका कागदोपत्री उरकल्या जातात, कारण प्रश्न विचारणारे तेथे जात नाहीत. करमाळा तालुक्यातील कार्यकर्त्यांनी तेथे जावे आणि मोबाइल किती, संगणक किती, हे विचारण्याआधी गेल्या महिन्यात प्रत्येक मुलाने स्वतःच्या मनाने किती वेळा लिहिले आणि त्यातले किती वाचून परत मिळाले, हे विचारावे. इंग्रजीचा शिक्षक मंजूर आहे पण नेमलेला नाही, असे उत्तर आले तर ते लिहून घ्यावे आणि जिल्हा परिषदेत मांडावे. वह्या वाचण्याचे तास शिक्षकाच्या कामाच्या तासांत धरले जावेत, निवडणुकीची व सर्वेक्षणाची कामे त्याच्याकडून काढून घ्यावीत, आणि घरी फोन नसलेल्या मुलांना शाळा सुटल्यावर तासभर वापरता येतील असे चार-सहा फोन शाळेच्याच कपाटात असावेत, या मागण्या एका ठरावात मावतात. खर्च मोठा नाही. वेळ मोकळा करण्याची इच्छा मात्र लागते.

यंदाचा गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी आणखी एक काम उरकण्याजोगे आहे. दिवाळीच्या सुमारास ज्या कुटुंबांना फडावर जावे लागते, किंवा जी तालुक्यात तोडणीला येऊन टेकतात, त्यांच्या मुलांची यादी शाळानिहाय करावी, प्रत्येकाच्या वहीचे पान कोणता शिक्षक कोणत्या वारी पाहणार हे तिच्यात नावानिशी लिहावे, आणि ती यादी कारखान्याच्या शेतकी कार्यालयात व गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर एकाच दिवशी ठेवावी.